‘शॉटगनला नेम धरावा लागत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बारा बोरच्या बंदुकीबद्दल, म्हणजे छऱ्यांची काडतुसं उडवणाऱ्या शॉटगनबद्दल, एक संदेश आणि त्याच आशयाचे व्हिडिओ सध्या बरेच फिरताहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरात एक बारा बोर असावीच. तिला नेम धरावा लागत नाही, दिशा धरून बार टाकला की छरे पसरतात आणि काम होतं. छरे भिंतीपलीकडे जात नाहीत, लांबही जात नाहीत, म्हणून घरच्यांना धोका नाही. पंप (नळीखालची, काडतूस चढवायला मागेपुढे सरकवायची मूठ) ओढल्याच्या आवाजानेच चोर पळतो. आणि हीच बंदूक रानडुकराला, रेंजवर क्लेला (हवेत उडवलेल्या चकत्या फोडण्याच्या खेळाला) आणि घराच्या राखणीला, तिन्हीकडे चालते.

ही बंदूक मला मनापासून आवडते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी कोकणात अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून, तेलपाणी करून वापरली आहे. म्हणूनच हा संदेश मुकाट्याने पुढे जाऊ द्यावासा वाटत नाही. त्यातलं पहिलं वाक्य खरं मानलं की पुढच्या चुका माणूस आपणहून करतो.

‘नेम धरावा लागत नाही’

छरे पसरतात हे खरं, पण किती? चोक (नळीच्या तोंडाशी केलेला निमुळतेपणा, छरे एकत्र ठेवणारा) नसलेल्या सरळ नळीतून सुटलेले छरे ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच पसरतात. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच मीटर धरा. तिथे सगळा बार हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसतो. वीतभर चुकलात तर पूर्ण चुकलात. खोलीभर छऱ्यांची झोड उठते हे दृश्य सिनेमातलं आहे.

लांबवरचा हिशेबही पाहा. चोक मोजायची जुनी रीत म्हणजे 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात किती छरे बसतात ते बघणं. फुल चोकमधून सुमारे 70 टक्के, सरळ नळीतून 40 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 36 मीटरवरसुद्धा पाऊण मीटरच्या वर्तुळाचाच प्रश्न असतो, आणि ते वर्तुळ योग्य जागी नेणं हे बंदूक धरणाऱ्याचं काम.

याचा सर्वात स्वच्छ पुरावा क्ले शूटिंगमध्ये आहे. मातीची चकती म्हणतात ती 110 मिलिमीटर व्यासाची आणि 105 ग्रॅम वजनाची असते. ऑलिंपिक ट्रॅप या प्रकारात ती नेमबाजापुढे 15 मीटरवरच्या खंदकातून ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. डावीकडे जाणार, उजवीकडे की समोर, हे आधी कळत नाही. काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम शिसं, म्हणजे बारीक असे सुमारे 300 छरे. तीनशे छरे पसरून नेमाची उणीव भरून निघत असती तर या खेळात कुणी हरलंच नसतं.

अथेन्सला 2004 मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं (एका वेळी दोन चकत्यांचा प्रकार) रौप्य जिंकलं ते 200 पैकी 179 चकत्या फोडून. जगात दुसरा आलेला माणूस 21 चकत्या चुकला होता, आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. पॅरिसला 2024 मध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका यांचं स्कीट (चकत्या आडव्या जाणारा प्रकार) मिश्र दुहेरीतलं कांस्य 44-43 असं, एका चकतीने हुकलं. त्या एका चकतीच्या वेळी छऱ्यांच्या थव्याचा मध्य थोडाच बाजूला गेला असेल. या लोकांच्या मेहनतीकडे पाहूनही कुणी ‘दिशा धरली की झालं’ म्हणत असेल, तर त्याने एकदा रेंजवर जाऊन 25 चकत्यांची एक फेरी मारावी.

‘छरे भिंतीपलीकडे जात नाहीत, लांब जात नाहीत’

हे वाक्य सर्वात घातक आहे, कारण ते ऐकणारा माणूस घरातल्यांना धोका नाही या भरवशावर बार टाकतो.

काडतूस कोणतं, यावर सगळं अवलंबून आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं आपल्याकडे अनेकांनी वापरली आहेत. त्यांच्यावरचा एलजी, एसजी, बीबी किंवा नंबर म्हणजे छऱ्याची जाडी. एलजीत साधारण नऊ मिलिमीटरचे मोजके गोळे असतात, सहा नंबरात अडीच मिलिमीटरचे दोनशेच्या वर. एलजीचे गोळे प्लायवूडचं दार, पत्रा, खिडकी, लाकडी पार्टिशन सहज पार करतात. अमेरिकी घरांतल्या जिप्समच्या आतल्या भिंतीही त्यांना थोपवत नाहीत. नऊ इंची विटांची भिंत थोपवते. पण कडक काँक्रीटवर तिरपा बसलेला गोळा भिंतीच्या कडेकडेने सरकत पुढे जातो. दाराआड आई झोपलेली असेल तर ‘घरच्यांना धोका नाही’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

अंतराबद्दल फ्रेंच सेनाधिकारी जूर्ने यांचा एक सोपा अंदाज आहे: छऱ्याचा इंचांतला व्यास गुणिले 2200, म्हणजे तो जास्तीत जास्त जाईल तितके यार्ड. ट्रॅपचा बारीक छराही त्या हिशेबाने 190 मीटरच्या आसपास जातो. एलजीचा गोळा 700 मीटरच्या पुढे. चाळीस मीटरनंतर जनावराला त्याचा भरवशाचा उपयोग नसेल, पण वाडीतल्या माणसाचा डोळा तो त्यापुढेही फोडू शकतो. क्ले रेंजच्या पुढे एवढी मोकळी जमीन राखतात ती याचसाठी.

‘पंपाच्या आवाजाने चोर पळतो’

हा समज अमेरिकेतून आला आहे. तिथे रेमिंग्टन 870 (1950 पासून) आणि मॉसबर्ग 500 (1961 पासून) या पंप बंदुका लाखो घरांत आहेत. आपल्याकडे परवान्यावर दिसते ती बहुतेक एकनळी किंवा दुनळी, मोडून काडतूस घालायची. तिला तो आवाजच नाही. आणि असला तरी काळोखात तुम्ही कुठे उभे आहात हे समोरच्याला सांगण्यापलीकडे तो काय करणार?

‘बार बसला की माणूस मागे उडतो’

काही व्हिडिओंत हेही जोडलेलं असतं. सुमारे 32 ग्रॅम शिसं सेकंदाला 400 मीटर वेगाने निघालं, तर त्याचा संवेग 13 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदाच्या आत राहतो. सत्तर किलोच्या माणसाला त्याने सेकंदाला वीस सेंटिमीटरही वेग येत नाही. जितका धक्का समोर, जवळपास तितकाच तुमच्या खांद्याला. तुम्ही उडत नाही, तर तोही उडत नाही.

‘एकच बंदूक तिन्हीकडे’

हा मोह मला समजतो. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे एकीत सगळं बसवावंसं वाटणं स्वाभाविक आहे. 870 च्या बाबतीत तर यात थोडं तथ्यही आहे, कारण तिची नळी बदलता येते. पण बदललेल्या नळीनिशी ती वेगळीच बंदूक होते.

ट्रॅपची बंदूक घ्या. पेराझी एमएक्स8 असो की बेरेटा डीटी11, वर-खाली दोन नळ्या, लांबी 30 ते 32 इंच, चोक घट्ट. चकती वर चढत असते म्हणून ती मुद्दाम थोडी वर मारणारी बनवतात: माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) चकतीखाली ठेवून चाप ओढायचा, चकती दिसतही राहते. हीच बंदूक घेऊन उतारावरून खाली धावणाऱ्या डुकरावर बार टाकलात तर तो पाठीवरून जाईल. स्कीटची बंदूक उलट मोकळ्या चोकची, कारण तिथे चकती जवळून आडवी जाते. आणि 32 इंची नळी घराच्या बोळात वळवून पाहा, दाराच्या चौकटीलाच अडते. तिन्ही कामांत वजन, लांबी, चोक आणि काडतूस वेगळं लागतं. नवख्याने काय घ्यावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: आधी काम सांग. क्ले खेळायचं असेल तर आधी क्लबच्या बंदुकीवर शिक, दस्ता तुझ्या खांद्याला आणि गालाला बसतो का ते कळू दे, मग पैसे घाल.

‘परवाना आहे, मग डुक्कर मारायला कोण अडवतो?’

कायदा अडवतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायलाही कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना ही ती परवानगी नव्हे. घरात शिरलेल्या माणसाबाबतही भारतीय न्याय संहितेचं कलम 37 स्पष्ट आहे: बचावासाठी लागते त्यापेक्षा अधिक इजा करायचा हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत बार टाकणारा स्वतः आरोपी होतो.

आणि रानात ‘दिशा धरून’ टाकलेल्या बाराचं काय होतं, ते कोकणात नि पालघरकडे वारंवार दिसतं. रात्री झुडूप हललं, डुक्कर समजून बार टाकला, आणि पडला तो हाकाऱ्यातला सोबती. ज्याच्या शेताचं नुकसान झालंय त्याने आधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईचा अर्ज द्यावा, मारण्याची परवानगी हवी तर ती लेखी मागावी. ती मिळाल्यावरही जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये.