खुलासा: जे-१ व्हिसावर पोस्टडॉक केलं की दोन वर्षं परतणं सक्तीचं?

‘अमेरिकेत बायोमेडिकलमधलं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) जे-१ व्हिसावर (संशोधक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा व्हिसा) घेतलं, की नंतर दोन वर्षं भारतात राहावंच लागतं,’ असा मेसेज पीएचडी संपवणाऱ्या मुलामुलींमध्ये फिरतो आहे. हे सरसकट खरं नाही. या धास्तीने कुणी चांगली प्रयोगशाळा नाकारली, तर फार वाईट वाटेल.

भारतीय संशोधकांना ही अट बहुतेकदा ‘स्किल्स लिस्ट’मुळे लागायची, म्हणजे कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे याच्या अमेरिकी सरकारच्या यादीमुळे. ९ डिसेंबर २०२४ पासूनच्या नव्या यादीत भारत नाही. बदल मागील तारखेपासूनही लागू आहे. म्हणजे केवळ त्या यादीमुळे अडकलेले जुने संशोधकही सुटले, पासपोर्टमधल्या व्हिसावर अट लागू असल्याचा जुना शेरा असला तरी.

अट उरते ती मुख्यतः दोघांना: फुलब्राइट शिष्यवृत्तीसारख्या सरकारी निधीवर गेलेल्यांना, आणि जे-१ वर रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) करणाऱ्या डॉक्टरांना. त्यांना दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही.

गोंधळाचं आणखी एक कारण म्हणजे २४ महिन्यांचा वेगळा नियम. रिसर्च स्कॉलर म्हणून कार्यक्रम संपला, की तेवढा काळ पुन्हा त्याच प्रकारात येता येत नाही. त्यात भारतात राहण्याची सक्ती मुळीच नाही.