अर्धी वाटी खोबरेल, बाळाचा मेंदू आणि फिरता मेसेज

गरोदर सुनेच्या, लेकीच्या काळजीपोटी व्हॉट्सअॅपवर एक मेसेज सध्या पुढे ढकलला जातोय. मजकूर थोडक्यात असा: मेंदू 60 टक्के चरबीचा, म्हणून रोज अर्धी वाटी खोबरेल नाहीतर तूप घ्या; हार्मोनही चरबीपासूनच बनतात; मासळीत पारा असतो, नऊ महिने बंद; आयोडीनचं मीठ म्हणजे केमिकल, सैंधव किंवा आगरातलं (मिठागरातलं) मीठ वापरा; थायरॉईडची गोळी पोटातल्या बाळाला बाधते. पहिली दोन विधानं अर्धवट खरी आहेत. उरलेल्या तिन्हींनी बाळाचं नुकसान होऊ शकतं.

60 टक्क्यांचा आकडा पाणी काढून टाकलेल्या मेंदूचा आहे. जिवंत मेंदूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. शिवाय ही चरबी म्हणजे पेशींची आवरणं आणि मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टन. त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो, रक्तातलं तिथवर जवळजवळ पोचतच नाही. आहारातून यावं लागतं ते मुख्यतः डीएचए, म्हणजे ओमेगा-3 गटातलं एक मेदाम्ल. शेवटच्या तिमाहीपासून दोन वर्षांपर्यंत मेंदू ते झपाट्याने साठवतो. खोबरेलात डीएचए नसतं, त्यातला निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. तुपातही ते नावापुरतंच. आणि अर्धी वाटी म्हणजे सुमारे 600 कॅलरी, तर गरोदरपणी जादा लागतात साधारण 350! हुमणातलं (मासळीच्या आमटीतलं) खोबरं, भातावरचं चमचाभर तूप खुशाल घ्यावं, औषध म्हणून वाटी तोंडाला लावू नये.

हार्मोनचं म्हणाल तर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतात हे बरोबर, पण तेवढं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करतं. बाळाच्या मेंदूची घडण ज्यावर सर्वात जास्त अवलंबून असते ते थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन थायरॉक्सिन मात्र टायरोसिन हे अमिनो आम्ल आणि आयोडीन यांपासून बनतं. तिथे तुपाचा काही संबंध नाही.

मासळीतला पारा खरा आहे, पण तो सगळ्या मासळीत सारखा नसतो. मोठा मासा लहान माशांना खातो, वर्षानुवर्षं जगतो, आणि पारा त्याच्या मांसात साठत जातो. शिजवून किंवा तळून तो जात नाही. म्हणून मोरी (शार्क) नको, भला मोठा इसवणही (सुरमई) टाळलेला बरा. बांगडे, तारले (पेडवे), सुंगटं (कोळंबी) यांत पारा कमी, आणि पहिल्या दोहोंत डीएचए भरपूर. कमी पाऱ्याची मासळी आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम, दोन-तीन जेवणांत विभागून, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. डीएचएची गरज दिवसाला किमान 200 मिलिग्रॅम. तळण्यापेक्षा हुमण बरं, कारण तळताना माशातली चरबी कढईत उतरते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुक्या बांगड्यांवर भिस्त ठेवू नये: मीठ भारंभार, आणि वाळताना हवेने डीएचए खराब होतं. शाकाहारी बाईला जवस-अक्रोड पुरत नाहीत, कारण त्यातल्या ओमेगा-3चं डीएचएमध्ये रूपांतर फार थोडं होतं. तिने शैवालापासून केलेल्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारावं.

आता मीठ. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, आगरातलं मीठ भरण्याची रीत जुनी आहे, लोणच्याला, मासळी खारवायला ते उत्तमच. पण समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन असणार, हा समज चुकीचा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि आयोडीन जेमतेम 50-60 मायक्रोग्रॅम. मीठ वाळून खडा होईपर्यंत त्यातलंही बरंचसं जातं. सैंधवातही ते नगण्य. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किलोला किमान 15 मिलिग्रॅम असायला हवं, म्हणजे 5 ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅम. गरोदर बाईची रोजची गरज 250. उरलेलं दूध, अंडी, मासळीतून यायचं. मासळी आणि हे मीठ, दोन्ही एकदम बंद करायला सांगणारा मेसेज इथेच सर्वात घातक ठरतो. मीठ जास्त खाऊ नका; आयोडीन टिकावं म्हणून बरणी घट्ट झाका, ओला चमचा घालू नका आणि मीठ शेवटी टाका.

थायरॉईडच्या गोळीबद्दलचा दावा तर उलटाच आहे. ही गोळी म्हणजे थायरॉक्सिनच. बाळाची थायरॉईड ग्रंथी साधारण 18-20 आठवड्यांपर्यंत पुरेसं हार्मोन बनवत नाही. तोवर आईचंच थायरॉक्सिन बाळाच्या मेंदूत टी-3 (थायरॉक्सिनचं प्रत्यक्ष काम करणारं रूप) बनून काम करतं: नव्या पेशींना आपापल्या थरात पोचवणं, पुढे मायलिन चढवणं. आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठावं, कारण डोस बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही, आणि मग गोळी चालू असूनही टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) चढलेलं दिसतं. बाळंतपणानंतर 48 ते 72 तासांत बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच तपासून घ्यावं. दोष निघालाच तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हायला हवं.