आधी स्प्रिंग उतरवा

चावीच्या गाणाऱ्या जुन्या बाहुल्या जमवण्यावरचा लेख आवडला. फक्त ‘बंद पडली तर यंत्र खोलून तेल द्या’ हा सल्ला कृपया बदला. लातूरला आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. स्प्रिंग भरलेली असताना वेग आवरणारा छोटा पंखा सैल केला की खिळ्यांचा रूळ सुसाट सुटतो आणि त्या खिळ्यांनी छेडली जाऊन सूर देणाऱ्या पोलादी फणीचे दात तडातड तुटतात. एक फणी माझ्याच हातून अशी गेली, दोन सेकंदांत. अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून आधी स्प्रिंग पूर्ण उतरवायची, म्हणजे तिचा भरलेला ताण संपवायचा, आणि फणीला तेल तर लावायचंच नाही.

हैदराबादला गेलो की सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ बघतोच. तासाला त्यातला दाढीवाला छोटा यांत्रिक माणूस बाहेर येऊन टोले देतो, तेव्हा एवढी गर्दी चिडीचूप होते.