रोंदानेचा निळा आणि आपला मारवा

निसर्गचित्राचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, चित्र हुबेहूब हवं, हातात सफाई हवी. दुसरं म्हणतं, डोंगर-नद्या रंगवण्याचे दिवस गेले, चित्राने काही भाष्य केलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून मी ही दोन्ही ऐकत असतो. ऑस्लोत राहू लागल्यापासून मला दोन्ही अपुरी वाटतात, आणि त्याला कारण आहे इथल्या राष्ट्रीय संग्रहालयातलं नॉर्वेजियन चित्रकार हाराल्ड सोलबर्गचं चित्र, 'रोंदानेतली हिवाळी रात्र'.

चित्र १९१४चं. पुढे काळी, निष्पर्ण झाडं, मागे बर्फाने गोलावलेले डोंगरमाथे, मधोमध वर एक ठळक तारा. बाकी सगळीकडे निळा. माणूस नाही, गोष्ट नाही. सोलबर्गने नॉर्वेतले रोंदानेचे डोंगर १८९९मध्ये पाहिले, पुढे तो तिकडे जाऊन राहिला, आणि सुमारे पंधरा वर्षं हाच विषय त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. डोंगराचा आकार टिपायला इतका काळ लागत नाही. मला वाटतं, तो लागला निळ्याची पट्टी जुळवायला.

इथे हिवाळ्यात सूर्य तिरपा बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळतो आणि बर्फ तो परत फेकतो. निळी संध्याकाळ इथे खरोखरच असते. पण सोलबर्गची रात्र तिच्याहून गडद, जास्त स्तब्ध आहे. पाहिलेल्यातलं किती ठेवायचं आणि किती गाळायचं, हे त्याने ठरवलं. वातावरण आपोआप उतरत नाही, ते रचावं लागतं. हुबेहूबपणाच्या आग्रहात नेमकं हेच निसटतं.

१९९५मध्ये नॉर्वेच्या रेडिओ श्रोत्यांनी हेच चित्र देशाचं चित्र म्हणून निवडलं. ना राजा, ना लढाई, ना वीर; एक थंड रात्र. 'चित्राचा अर्थ काय?' असं विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे नवल वाटेल, पण वाटायला नको. सूर्यास्ताच्या वेळी मारवा राग ऐकताना त्याचा संदेश काय, असं आपण विचारत नाही. षड्ज, म्हणजे 'सा', टाळत राहिल्याने येणारी हुरहुर आपल्या कानाला कळते. तेवढाच धीर डोळ्यांना दिला तर सोलबर्ग मराठी माणसाला परका राहणार नाही.

भाष्य मागणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. रोंदाने कधीच निर्मनुष्य नव्हतं. तिथे रानटी रेनडियर पकडण्यासाठी माणसांनी खणलेले जुने खड्डे आजही सापडतात. चित्रातला एकांत ही चित्रकाराची निवड आहे, आणि त्या एकांताच्या प्रेमात पडलेला देश तिथल्या माणसांना सहज विसरू शकतो. हा आक्षेप ठेवूनच चित्र पाहावं. त्याने निळ्याची ताकद कमी होत नाही.

आपल्याकडे कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर रंगवला. त्यांच्याबद्दल बोलताना आपण बहुतेकदा त्यांच्या हलाखीच्या गोष्टी सांगतो किंवा जलरंगावरच्या हुकमतीचं कौतुक करतो. त्या पाण्यावर कोणत्या वेळेचा उजेड आहे, हवा कोरडी आहे की दमट, आणि त्याने मनात काय हलतं, हे आपल्या समीक्षेत सविस्तर आलं पाहिजे. कला महाविद्यालयांतल्या रसग्रहणाच्या तासाला मुलांना एकाच चित्रासमोर निदान अर्धा तास बसवून ते लिहायला लावता येईल.