सावंतचा मंगळ आणि जोशीबाईंचं विवर

परवा संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीचीच गँग, सावंत, पक्या, मेघा आणि मी. समुद्राच्या अंगाला एका बिल्डिंगच्या टाकीवर काहीतरी टपोरं पांढरं चमकत होतं, पक्या म्हणाला विमान आहे, सांताक्रूझला उतरतंय. पाच मिनिटं झाली तरी विमान जागचं हलेना. मेघा म्हणाली अरे येड्या, शुक्र आहे तो.

झालं, सावंत सुरू. सावंत म्हणजे कट्टर मंगळवाला, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान पोचलं त्या सकाळी या माणसाने ऑफिसला दांडी मारून टीव्ही बघितलेला, आणि ते अजून दर महिन्याला ऐकवतो. म्हणे शुक्रात काय ठेवलंय, माझ्या मंगळावर २२ किलोमीटर उंच ऑलिंपस मॉन्स नावाचा डोंगर आहे, चार हजार किलोमीटर लांब दरी आहे, नासाची क्युरिऑसिटी गाडी २०१२ पासून तिथे फिरतेय, एक टीचभर हेलिकॉप्टर ७२ वेळा उडून आलं. तुझ्या शुक्रावर कोण टिकलं सांग? दोन तास!

मेघा शांतपणे म्हणाली, तुझ्याच आईने पत्रिकेत मंगळ आहे म्हणून तीन स्थळं परत पाठवली ना रे? सावंत एकदम चहाच्या ग्लासात बघायला लागला.

पण दोन तासांचं खरंच आहे. १९८२ साली सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा १३ यान शुक्रावर उतरलं ते १२७ मिनिटं चाललं, आणि ते म्हणजे भारीच झालं, कारण जमिनीवर ४६५ डिग्री, शिसं वितळून पाणी होईल, आणि हवेचा दाब आपल्या ९० पट, म्हणजे समुद्रात नऊशे मीटर खाली जाऊन बसल्यासारखं. वर ढग कसले, तर सल्फ्युरिक ॲसिडचे. बुध सूर्याच्या जास्त जवळ आहे तरी शुक्र त्याच्यापेक्षा गरम, कारण हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड, आलेली उष्णता बाहेर जाऊच देत नाही. मेघाचा मुद्दा हाच होता, की मंगळ आपल्या निम्मा आहे पण शुक्र जवळजवळ आपल्याच मापाचा, मग दोन सारखी घरं आणि एकाची अशी भट्टी का झाली हे शोधायला नको का?

पक्या लग्नाचे फोटो काढतो, त्याला फक्त फोटोत इंटरेस्ट. त्याला व्हेनेरा १४ चा किस्सा सांगितला, तर खाली वाकून हसला. त्या यानाला एक हात होता, जमिनीवर दाबून माती किती कडक ते मोजायचं. कॅमेऱ्याची झाकणं निघून खाली पडली आणि तो हात नेमका एका झाकणावरच येऊन टेकला. एवढे करोडो किलोमीटर जाऊन मोजलं काय, तर स्वतःच्याच लेन्सकॅपचा कडकपणा. पक्या म्हणाला असला असिस्टंट माझ्याकडेपण होता.

सावंत म्हणाला बघा, एकेक वेंधळे. आपलं मंगळयान कसं, पहिल्याच झटक्यात! मी म्हटलं अरे जपानचं अकात्सुकी यान बघ, २०१० च्या डिसेंबरमध्ये शुक्रापाशी पोचलं, ऐन वेळी मेन इंजिन बिघडलं, निसटलं, पाच वर्षं सूर्याभोवती फिरत राहिलं आणि २०१५ मध्ये छोट्या छोट्या थ्रस्टरवर परत येऊन कक्षेत घुसलं. एवढी चिकाटी मला तरी वेंधळेपणा नाही वाटत. आणि आपण पण चाललोय शुक्राला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने मंजुरी दिली, १२३६ कोटी, २०२८ च्या मार्चमध्ये उडवायचा प्लॅन आहे. हे सावंतला माहीतच नव्हतं! इस्रोवाल्यांनी असं करायला नको होतं असा चेहरा केला त्याने.

मग मेघाने पत्ता टाकला. म्हणाली शुक्रावरच्या जागांना बायकांची नावं देतात आणि तिथे एक विवर आहे जोशी नावाचं, आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचं, कल्याणच्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ई, बाई स्वतः सही तशीच करायच्या. साधारण ३४ किलोमीटर रुंद. पक्या म्हणाला म्हणजे केवढं? मी म्हटलं बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी धावली ना, तेवढं. तो ॲक्चुअली टाकीकडे बघून मान वळवत अंतर मोजत होता.

अजून एक विवर मेधावी नावाचं, म्हणजे पंडिता रमाबाई. आणि एक झिराड, डॉक्टर जेरुशा झिराड, आपल्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कामा हॉस्पिटल चालवायच्या. मेघाची मावशी कामा हॉस्पिटलमध्येच नर्स होती त्यामुळे हे नाव ती जरा जोरातच म्हणाली.

सावंत हट्टी. म्हणे शुक्रावरचा सगळ्यात उंच डोंगर कुठला मग? मेघाने कपाळाला हात लावला, कारण तो मॅक्सवेल, तब्बल ११ किलोमीटर उंच, आणि नेमका पुरुषाच्या, मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाचा. नियम व्हायच्या आधीच ठेवलेलं नाव म्हणे, आता कोण बदलणार. सावंत एवढा खूश झाला की चहाचे पैसे त्याने दिले, जे आमच्या माहितीत मंगळयानानंतर पहिल्यांदाच.

तोपर्यंत पक्याने बॅगेतून कॅमेरा काढला, लेन्स बदलली, कट्ट्यावर आडवा झाला, तर शुक्र टाकीमागे गेलेला. उद्या लवकर येतो म्हणाला. मेघा म्हणाली ये, पण झाकण काढून ये.