विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही

‘ऑफिसात कुणाला मानसिक त्रासाबद्दल विचारू नका, आत्महत्येचा विषय तर काढूच नका, नसलेला विचार डोक्यात शिरतो’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. हे चूक आहे. थेट विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मनाचं आरोग्य ओळखून आधार कसा द्यावा, याचं प्रशिक्षण मॅनेजरना द्या, अशी शिफारस तिने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

मेसेजमागची भीती मात्र अगदीच निराधार नाही. भर मीटिंगमध्ये ‘तुला डिप्रेशन आलंय का?’ म्हणून कुणी विचारलं, तर समोरचा तोंड मिटूनच घेणार. (आणि निदान करणं हे मॅनेजरचं काम नव्हेच.) बाजूला घेऊन एवढंच म्हणा: ‘हल्ली तू जेवायलाही उठत नाहीस, सगळं ठीक ना?’ मग गप्प बसून ऐका. ‘नको बोलायला’ म्हणाला, तर तेही चालेल. ऐकलेलं चारचौघांत जाऊ देऊ नका. मात्र जीव द्यायची भाषा कानावर आली, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांची किंवा हेल्पलाइनची मदत मिळवा.