मच्छरदाणीचं कूळ

यूव्ही फिल्टर माझ्याकडे तीन होते. लेन्स घेतली की पुढच्या काचेच्या रक्षणाला एक यूव्ही फिल्टर घ्यायचाच, हा संस्कार. म्हणून अतिनील म्हणजेच यूव्ही प्रकाशात फुलांचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "खर्च काही नाही. फिल्टर घरातच आहे." हे वाक्य ती अजूनही अधूनमधून म्हणते. माझ्या आवाजात.

साखरदाणीत साखर असते, मच्छरदाणीत मात्र मच्छर नसावेत अशी अपेक्षा असते. यूव्ही फिल्टर हा मच्छरदाणीच्या कुळातला. तो यूव्ही अडवतो. मला हवी होती साखरदाणी: ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचं अतिनील तेवढं आत सोडायचं, बाकी सगळं बाहेर. सूर्यफूल आपल्याला सगळं पिवळं दिसतं, पण अतिनीलमध्ये त्याच्या पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडं काळी दिसतात. मधमाशीला दिसणारा तो नेमबाजीचा फळा मलाही बघायचा होता.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कंपनीनेच अतिनील आणि अवरक्त (इन्फ्रारेड) अडवणारी काच बसवलेली असते. एका जुन्या कॅमेऱ्यातली ती काढून घेतली. मग आली अतिनील आत सोडणारी यूजी-११ जातीची काच. घरात हातोहात फिरली. प्रत्येकाने डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं.

"यातून काहीच दिसत नाही."

"नाहीच दिसणार."

"मग पैसे कशाचे दिले?"

पहिला फोटो अप्रतिम आला. पानं बर्फासारखी पांढरीशुभ्र! चार दिवस मी तो दिसेल त्याला दाखवला. पाचव्या दिवशी वाचनात आलं की अतिनीलमध्ये पानं काळपट दिसतात. पांढरी पानं ही अवरक्ताची खूण. ही काच दिसणारा प्रकाश अडवते, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपास तिची मागची खिडकी किलकिली असते. सेन्सरला अतिनीलचं वावडं आणि अवरक्ताची भारी आवड, त्यामुळे तेवढ्या फटीतून अख्खी वरात आत येते. म्हणजे चार दिवस मी भलत्याच पाहुण्याचा सत्कार करत होतो.

ती खिडकी बंद करायला एस-८६१२ नावाची फिकट निळसर काच जोडीला लावतात. किती जाडीची, हे कुठला प्रकाश किती आत येतो त्याचा आलेख बघून ठरवायचं. साध्या आलेखात रेघ जमिनीला टेकलेली दिसते आणि आपण निश्चिंत होतो. तोच आलेख लॉग मोजपट्टीवर, म्हणजे दर पायरीला दहापट अशा मापाने, काढला की त्याच रेघेला उंचवटे फुटतात. दहा हजारांत एक भाग गळला तर चालेल की नाही, यावर मी रात्री दोन वाजता स्वतःशी वाद घातला आणि हरलो.

खरा छळ आट्यांचा. लेन्स जुनी, एन्लार्जरची (निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायच्या यंत्राची), ८० मिलिमीटरची एल-निक्कॉर. तिच्या तोंडाचा आटा ३४.५. या अर्ध्या मिलिमीटरने मला जितकं रडवलं तितकं दहावीच्या भूमितीनेही नाही. एक काच ५२ च्या कड्यात, दुसरी दुर्बिणीवाल्यांच्या ४८ च्या. मध्ये रिंगा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० साली अदृश्य किरणांचे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हा अतिनीलसाठी क्वार्ट्झच्या लेन्सवर चांदीचा पातळ मुलामा दिला होता. चांदीला आटे नसतात. थोर माणूस.

फोकस आधी काचांशिवाय करायचा, मग काचा चढवायच्या. आणि चढवताना फोकसचं कडंही सोबत गरकन फिरतं. एकदा घाईत आटा तिरका चढला आणि रिंग अडकली. चिमटीत धरून जोर लावला. जितका जोर, तितकी ती पातळ रिंग अंडाकृती होऊन आणखी घट्ट. शेवटी बायकोने भांडी घासायचा रबरी हातमोजा घातला, तळहात सपाट टेकवला आणि हलकेच फिरवला. "दाबायचं नसतं," एवढंच म्हणाली. डोक्याचे आटे ढिले झालेल्या माणसाला याहून जास्त ऐकवू नये, हे तिला कळतं.

व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला शिकवायला, पांढरा कागद धरला तर तो काळपट आला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनंच अतिनील गिळतात. अखेर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉनची टेप घडीवर घडी घालून वापरली. आट्यांनी माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

राहिली गळतीची परीक्षा. सगळ्या काचांच्या पुढे आणखी एक, फक्त अवरक्त सोडणारी ७२० ची काच लावायची आणि एक्स्पोजर तेच ठेवून फोटो काढायचा. अवरक्त गळत असेल तर चित्र उमटतं. नसेल तर फोटो ठार काळा. भर उन्हात, आठ सेकंद. श्वास रोखून स्क्रीन पाहिली.

काळाकुट्ट! एक ठिपका नाही. मी ओरडलोच. बायको धावत बाहेर आली. तिने स्क्रीन पाहिली, मग लेन्सच्या तोंडापुढची ती काळ्यावर काळ्याची उतरंड पाहिली आणि म्हणाली,

"झाकण काढायचं राहिलंय."

राहिलंच होतं.